अठरा एकर पडीत

अब्दुल गनी कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. एकाच्या अर्जातलं दुसऱ्याला तो कधी सांगत नसे, म्हणून सगळ्यांचा त्याच्यावर भरवसा होता.

१९५८च्या उन्हाळ्यात डोंगरखेडचा लखीराम त्याच्याकडे आला. सोबत बायको धनीबाई होती. त्यांच्या वस्तीतल्या बारा घरांनी दोन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. बाराही घरं दुसऱ्यांच्या वावरात राबायची. गावच्या शिवारातलं अठरा एकर सरकारी पडीत भूमिहीनांना वाटणार, अशी दवंडी झाली होती. लखीरामनं सगळं सांगितलं आणि उठता उठता म्हणाला, "अजून एक लिवा मुन्शीजी. तांड्यावालेबी तेच पडीत मांगून राह्यले. त्याहिच्यापाशी बैल हायेत, बंड्या हायेत. त्याहिले कायले पायजे जमीन?"

गनीनं लिहिलं.

तीन दिवसांनी तांड्याचा नाईक प्रेमसिंग आला. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरायचे. रेल्वे आली, तो धंदा बुडाला आणि बंजारे डोंगरखेडच्या माळावर तांडा टाकून राहिले. बैल उरले होते, वावर कोणाच्याच नावावर नव्हतं. प्रेमसिंगनंही शेवटी एक वाक्य घालायला लावलं. "वस्तीवाल्याहिनं धरम बदलला. आता ते हरिजन राह्यले नाहीत. मंग त्याहिले सवलत काहून?"

गनीचा टाक जरा थांबला. मग त्यानं तेही लिहिलं.

पोळ्याच्या सुमारास दोघांना एकाच दिवशी कचेरीतून बोलावणं आलं. हातात कागद घेऊन दोघं झाडाखाली आले, लखीरामसोबत धनीबाईही होती. वाचता कोणालाच येत नव्हतं. गनीनं आधी लखीरामचा कागद वाचला. अर्जदार बौद्ध झाल्यानं सवलतीस पात्र नाहीत. मग प्रेमसिंगचा. अर्जदारांकडे बैल आणि बैलगाड्या असल्यानं ते गरजू नाहीत. दोन्ही कागदांची शेवटची ओळ एकच होती. सदर पडीत गुरचरणासाठी राखून ठेवण्यात येत आहे.

डोंगरखेडात चरायला सोडण्याइतकी गुरं एकट्या पाटलाची होती.

मग धनीबाई म्हणाली, "नाईक, बैलाचं आमीच लिवाले लावलं होतं."

प्रेमसिंगनं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "धरमाचं म्या."

धनीबाई गनीकडे वळली. "मुन्शीजी, तुमाले दोनीबी ठावं होतं. मंग सांगतलं काहून नाही?"

"तुमी अर्ज लिवाले आलते, सलाह इचाराले नाही."

गनीनं दौतीचं झाकण लावलं. त्या दिवशी त्यानं आणखी कोणाचा अर्ज घेतला नाही.

प्रेमसिंग पागोटं उचलून निघून गेला होता. पण वेचणीच्या दिवसांत धनीबाई आणि त्याची बायको हंसाबाई पाटलाच्या पऱ्हाटीत शेजारशेजारच्या ओळींत कापूस वेचत होत्या. बांधापलीकडे पडितात पाटलाची गुरं चरताना दिसत होती. हंसाबाईच म्हणाली, "तुमच्यापाशी माणसं हायेत, आमच्यापाशी बैल. आन तिथं चरून कोण राह्यलं, पाह्य."

माघात दोन्हीकडची माणसं मिळून गनीकडे आली. त्यानं एकच अर्ज लिहिला आणि त्यावर एकतीस अंगठे घेतले. कारकुनानं तो परत केला. एका अर्जात दोन समाज चालत नाहीत, म्हणाला.

मृगाच्या आधी प्रेमसिंगनं पडीत नांगरायला बैलांच्या सहा जोड्या घातल्या. लखीरामची माणसं पुढं होऊन दगड वेचत होती. दुपारी पोलीस आले. तेवीस जणांना नेलं आणि बैल कोंडवाड्यात घातले. कोठडीत पहिले दोन दिवस बंजारे एका भिंतीशी जेवले, बौद्ध दुसरीशी. तिसऱ्या दिवशी लखीरामला ताप भरला, तेव्हा प्रेमसिंगनं त्याच्या तोंडाला आपला लोटा लावला.

गनीनं त्या आठवड्यात झाडाखालची जागा सोडली. दंड भरून कोंडवाड्यातून बैल सोडवले आणि स्वतः हाकत तांड्यावर नेले. बैल हाकायची सवय नव्हती. हंसाबाईनं त्याला पाणी दिलं. तो बसला नाही.

दोन वर्षं कचेरीत खेटे घातल्यावर १९६१ साली त्या पडितातलं दहा एकर मिळालं. आठ एकर गुरचरणच राहिलं. वस्तीच्या वाट्याला सहा एकर आलं, तांड्याच्या वाट्याला चार. तांड्यावाल्यांना ते पटलं नाही. पुढच्याच वर्षी बांध कुठून जातो यावरून लखीराम आणि प्रेमसिंगमध्ये भांडण झालं आणि दोघं बोलेनासे झाले.

त्याच हिवाळ्यात जवळच्या दिग्रसच्या एका व्यापाऱ्याकडे चोरी झाली आणि चोरी म्हटली की संशय बंजाऱ्यांवर, या सवयीनं पोलीस तांड्यात शिरले. धनीबाई वस्तीतल्या नऊ बायांना घेऊन तांड्यावर गेली आणि हंसाबाईच्या दारात बसली. जमादारानं विचारलं, "तुमी कोण?"

"बाजूच्या वावरातल्या."

पोलीस घरात न शिरता परत गेले. बाया दिवस मावळल्यावर उठल्या. बांधाचा तंटा आणखी चार वर्षं चालला.