सुरुचीचे पप्पा

राधेश्यामनं लॅपटॉप उघडून माझ्यापुढं ठेवला आणि आधी त्यातले दोष सांगितले. बॅटरी टिकत नाही, चार्जर लावूनच वापरा. केबल घालायचे दोन पोर्ट आहेत, त्यातला डावीकडचा बंद आहे, उजवीकडचा बराबर चालतो. जालन्यात जुना माल विकणाऱ्यांत आपणहून दोष सांगणारा मला तो एकटाच भेटला, म्हणून त्याच्याकडूनच घेतला. सोबत वायरचा माऊस, पेनड्राइव्ह, हेडफोन आणि एक वापरलेली बॅग मिळाली.

घरी टेंभुर्णीला येईपर्यंत बसमध्ये बॅग मांडीवर धरून बसलो. मी स्वतः एसटीत कंडक्टर आहे. मांडीवरचं सामान वर ठेवा म्हणून रोज लोकांच्या मागं लागतो. पण ही बॅग मला वर ठेववेना.

लॅपटॉप कशासाठी घेतला ते सांगतो. सुरेखा, माझी बायको, मागच्या उन्हाळ्यात गेली. तिच्या मोबाइलमध्ये प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होत होता. हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. ती गेल्यावर आमच्या सुरुचीनं फोन चाळला तेव्हा कळलं. मी ड्यूटीवर असलो की सुरेखा रोज फोन करायची. कुठवर आलात, डबा खाल्ला का, येताना अद्रक आणा. एवढंच बोलणं असायचं, पण ते सगळं त्यात होतं. पहिल्यांदा मी एक कॉल लावला आणि अर्ध्यात बंद केला. पुढं ऐकायचा धीर होईना.

धीर आला तोवर फोन बिघडला. चार्जरला लावला तर कधी चालू व्हायचा, कधी नाही. चालू झाला तरी गरम होऊन बंद पडायचा. जाफराबादच्या मोबाइलवाल्यानं सांगितलं की याचं बोर्डच जायला लागलंय, आत काय असेल ते जल्दी कॉम्प्युटरवर काढून घ्या, एकदा गेलं तर कोणाच्याच हातात काही नाही. ठेवून जा, मी काढून देतो, असंही म्हणाला. पण त्याच्या दुकानात दिवसभर माणसं बसलेली असतात. सुरेखाचं माझ्याशी बोलणं त्यांच्या कानावर पडावं हे मला पटेना. सुरुची पुण्याला नोकरी करते. ती म्हणाली, दिवाळीला येते तेव्हा माझ्या लॅपटॉपवर करू. तोवर फोन टिकेल का, असं विचारल्यावर तीच म्हणाली, मग एखादा जुना लॅपटॉप घ्या, कसं करायचं ते मी फोनवरून सांगते.

घरी येऊन लॅपटॉप टेबलावर ठेवला. झाकणावर कुठल्यातरी कंपनीचं स्टिकर खरवडून काढल्याचा चौकोनी डाग होता. काही बटणांवरची अक्षरं उडालेली. खालचं लांब बटण एकाच जागी गुळगुळीत झालेलं, कोणाच्यातरी अंगठ्यानं. चालू केला की आतला पंखा आधी जोरात घरघरायचा आणि मग शांत व्हायचा. माऊस काही माझ्या हातात बसेना. पडद्यावरचा बाण कडेला जाऊन हरवायचा आणि मी त्याला शोधत बसायचो. शेवटी माऊसची वायर उजवीकडून काढून ठेवली आणि बटणांखालच्या चौकोनावर बोट फिरवून भागवलं.

सुरेखा घरात काहीही आलं की आधी हळदकुंकू लावायची. कूलरला लावलं, मिक्सरला लावलं, माझ्या भावाकडून आणलेल्या जुन्या सायकलीलाही लावलं. वस्तू जुनी असली तरी आपल्या घरात नवीच, असं तिचं म्हणणं. ती गेल्यापासून घरात नवं काही आलंच नव्हतं. लॅपटॉप तसाच वापरायला घ्यायचं माझ्या जिवावर आलं. देवघरातून करंडा काढला, ओल्या बोटानं झाकणाला हळदकुंकू लावलं, तांदूळ कुंकवात भिजवून वर टाकले आणि हात जोडले.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. दुपारी सुरुचीनं माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. सुरेखाचा फोन चार्जरला लावला तर पहिल्याच खेपेला चालू झाला. सुरुची म्हणाली, पप्पा, आता वेळ घालवू नका, केबल लॅपटॉपमध्ये घाला. मी उजवीकडच्या भोकात घालायला गेलो तर केबल आत जाईना. उलटी करून पाहिली, तरी जाईना. डोळे बारीक करून पाहिलं तर आत तांबडं काहीतरी अडकलेलं. कालची अक्षता होती. ओली असताना घसरून आत गेली आणि सुकून घट्ट बसली.

शेजारच्या नंदाबाईला हाक मारली. सुरेखाचं आणि तिचं बहिणीसारखं होतं. ती सुई घेऊन आली, लॅपटॉप बंद करायला लावला आणि बाहेर उजेडात घेऊन बसली.

"भाऊजी, यंत्राला टिळा लावावा. लग्न लावल्यावाणी अक्षता टाकत्यात का कुठं?"

सुरुची फोनवर हसली. मलाही हसू आलं, पण माझं लक्ष सुरेखाच्या फोनकडं होतं. त्याची पाठ तापत चालली होती.

शेवटी दाणा तुकड्यातुकड्यानं निघाला. लॅपटॉप परत चालू केला, केबल आत गेली, फोन दिसला. सगळ्या रेकॉर्डिंगांची लांबलचक यादी समोर आली. सुरुचीनं सगळं एकदम उचलायला सांगितलं. मला त्यातलं आधी काय हवं होतं ते माझ्या मनात होतं, पण लेकीसमोर बोलायला संकोच वाटला. हिरवी पट्टी पुढं सरकू लागली. वर एकेक नाव येऊन जात होतं. आक्का. गॅसवाला. दूधवाला. नंदा. प्रभावती मावशी. नंदाबाई माझ्या मागं उभी राहून नावं वाचत होती. मग सुरुचीचं नाव आलं. तिचे थोडे कॉल आले आणि पट्टी थांबली.

सुरेखाचा फोन काळा पडला होता. चार्जरला लावला, बटण दाबून धरलं, थंड होऊ दिला, परत लावला. काही झालं नाही.

जे आलं होतं ते सुरुचीनं मला एकेक वाचायला लावलं. माझं नाव कुठंच नव्हतं. मी म्हणालो, क तर केव्हाच येऊन गेला असेल, मग केशव का नाही? ती म्हणाली, "पप्पा, आईनं तुमचा नंबर 'सुरुचीचे पप्पा' म्हणून ठेवला होता. यादी नावावर चालते. तुम्ही माझ्या मागं होतात."

नंदाबाई म्हणाली, "नवऱ्याचं नाव तिनं कधी तोंडानं घेतलं न्हाई, मोबाइलात कशी लिहील?"

सुरुची रडायला लागली. मी तिला म्हणालो, तुझे तर आले ना थोडे, ते जपून ठेव. मग तिनं फोन ठेवला.

नंदाबाई जायला निघाली आणि दारातून परत आली. म्हणाली, माझे आलेत त्यातला एक लावता का, लई दिवस झाले तिचा आवाज ऐकून. मी हेडफोनची पिन काढून टाकली, म्हणजे दोघांनाही ऐकू येईल. कोणता लावायचा ते ठरवता येईना, म्हणून बाण जिथं होता तोच लावला.

सुरेखा बोलायला लागली. शेंगदाणे भाजायचं काहीतरी चाललं होतं. नंदाबाईनं तिला विचारलं होतं, जेवलीस का. सुरेखा म्हणाली, "न्हाई अजून. हे आल्याबिगर मला भाकर गोड लागत न्हाई. पण त्यांना सांगू नको बरं का, चढून बसतील." आणि हसली. मी घरात तिला तसं हसताना कधी ऐकलं नव्हतं. बाईमाणसात हसतात तसं, मोकळं.

कॉल संपला. नंदाबाईनं पदर तोंडाला लावला होता.

"सांगू नको म्हणल्ती," ती म्हणाली. "मी न्हाई सांगितलं कधी."

मी विचारलं, परत लावू का. ती खाली बसली आणि म्हणाली, लावा.