बाबांनी बांधलेल्या वायरी

कॉम्प्युटर मी स्वतः जोडला आहे. एकेक भाग पारखून आणला, एकेक स्क्रू माझ्या हाताने पिळला. म्हणूनच सकाळी दहा वाजता पडद्यावर ‘डिस्क सापडत नाही’ असं उमटलं, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या डिस्कवर शाळेच्या इमारतीचे नकाशे होते, तीन आठवड्यांची मेहनत. ते बाराच्या आत आले नाहीत तर काम दुसऱ्याला देईन, असं बिल्डरने बजावलं होतं.

बाबा बाजूलाच पेपर वाचत बसले होते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वायरमन म्हणून त्यांनी सगळी हयात घालवली. कॉम्प्युटरच्या आत हात घातलात का, असं मी विचारलं. त्यांनी पेपरमागूनच नाही म्हटलं.

मी विश्वास ठेवला, हाच माझा मूर्खपणा. वायरी मीच बसवलेल्या, कुणी हात लावलेला नाही, म्हणजे दोष वायरींत नाही. मग मेमरी काढून घातली, बॅटरी बदलली, सेटिंग उलटीपालटी केली. दीड तास झक मारल्यावर मागच्या बाजूचं, वायरींच्या कप्प्याचं झाकण उघडलं.

आत सगळ्या वायरी, एक्स्चेंजमध्ये बांधायचे तशा, मेणाच्या दोऱ्याने बांधलेल्या होत्या. दर दोन बोटांवर गाठ, सगळ्या गाठी एका रेषेत. अशी बांधणी या घरात एकच माणूस करतो. जुडी इतकी आवळली होती की डिस्कचा प्लग अर्धा बाहेर ओढला गेला होता.

कात्रीने सगळ्या गाठी कापल्या. प्लग दाबला, डिस्क दिसली. नकाशे पाठवले तेव्हा बारा वाजून आठ मिनिटं झाली होती. बिल्डरचं उत्तर लगेच आलं. काम दिलं होतं दुसऱ्याला.

“बाबा, एकदा हो म्हणाला असतात तर?”

त्यांनी पेपर खाली ठेवला. “हो म्हटलं असतं, तर परत कशालाच हात लावू दिला नसतास.”

खरंच दिला नसता. ते खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. ते वाकून जमिनीवरचे दोऱ्याचे तुकडे वेचू लागले. एवढं काम हातचं गेलं आणि हा माणूस दोरे वेचतोय.

मी त्यांच्या कपाटातलं मेणाच्या दोऱ्याचं रीळ आणून त्यांच्यापुढे आपटलं. “बांधा परत. पण ढील ठेवून. आणि विचारलं की खरं सांगायचं.”

त्यांनी चष्मा चढवला.