बिनबोलावलेल्यांची भिंत

गेल्या वर्षापर्यंतच्या बावीस वर्षांत आमच्या विद्यापीठाने अमेरिकन फुटबॉलच्या संघासाठी सात मुख्य कोच नेमले. सातही नेमणुकांची बातमी मी लिहिली. सातही बातम्यांत ‘गतवैभव’ हा शब्द आहे, चार वेळा तो मथळ्यात आहे. सातवा कोल्बी रँडल. तो गेल्या वर्षी जानेवारीत आला.

काल्डर हे गुरांचं आणि मक्याचं गाव. स्टेडियम गावापेक्षा मोठं आहे. तीन राष्ट्रीय विजेतेपदं, शेवटचं १९९३ सालचं. त्यानंतर जन्मलेली माणसं आता बाप झाली आहेत आणि आपल्या पोरांना त्या वर्षाच्या गोष्टी पाहिल्यासारख्या सांगतात. सहकारी गोदामाच्या कॅन्टीनमध्ये सकाळी सहाला बसणारी मंडळी दर ऑगस्टमध्ये मला एवढंच विचारतात, “काय, यंदा तरी?” मी म्हणतो, बघू. मग कोणीतरी म्हणतं, “हा बावीस वर्षं बघतोच आहे, म्हणून तर चष्मा लागला त्याला.”

या कॅन्टीनच्या भिंतीवर डेल्मार क्रायचेकचा फोटो आहे. १९९३ च्या अंतिम सामन्यात पहिल्या फळीतल्या एकाचा घोटा मुरगळला, म्हणून डेल्मारला चार चेंडूंपुरतं आत पाठवलं. चौथ्या चेंडूला त्याने समोरच्या धावपटूला गोलरेषेच्या अर्धा हात अलीकडे आडवा केला आणि विजेतेपद वाचलं. फोटोत त्याचं हेल्मेट तिरकं झालंय आणि उजवा गुडघा ज्या दिशेला वळू नये त्या दिशेला वळलाय. त्या गुडघ्याच्या आजवर पाच शस्त्रक्रिया झाल्या.

डेल्मार बिनबोलावलेला होता. आमच्याकडे हा शब्द मानाचा आहे. बाकीच्या खेळाडूंना विद्यापीठ बोलावतं, शिष्यवृत्ती देतं. बिनबोलावलेला स्वतःहून येतो, फी घरची भरतो, सामन्यात उतरायला मिळेल याचा भरवसा नसताना रोज सराव करतो. ही प्रथा तिन्ही विजेतेपदं मिळवून देणारे जुने कोच व्हर्लिन हॉफस्टाड यांची. असा मुलगा चार वर्षं टिकला, की घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यानंतर त्याचा बाप आपलं डागणीचं लोखंड घेऊन यायचा, गुरांवर खूण डागतात ते. कपडे बदलायच्या खोलीपासून मैदानाकडे जाणाऱ्या बोगद्यात डाव्या हाताला जुन्या कोठारातल्या फळ्या ठोकलेल्या होत्या. लोखंड तापवायचं आणि घराण्याची खूण तिथे उमटवायची. एकूण दोनशे अकरा खुणा. सामन्याला जाताना प्रत्येक खेळाडू भिंतीवरून हात फिरवायचा. डेल्मारची खूण, आडवं पडलेलं ‘के’ आणि खाली एक रेघ, नेमकी खांद्याच्या उंचीवर होती. ती हातांनी घासून काळी कुळकुळीत झाली होती.

पुढे डेल्मार सहायक कोच झाला. मुख्य कोच येत गेले, जात गेले. डेल्मारला प्रत्येकाने ठेवून घेतलं, कारण तो असला की गावाला बरं वाटायचं. दर हिवाळ्यात तो राज्यभर गाडी हाकायचा. तीस-चाळीस मुलांची एकेक शाळा, त्यातला एखादा दांडगा मुलगा, त्याच्या घरचं स्वयंपाकघर. तिथे तो मुलाच्या बापाला सांगायचा, शिष्यवृत्ती नाही, हमी नाही, पण भिंत आहे. हे त्याने सत्तावीस वर्षं सांगितलं. आम्ही इतरांपेक्षा मोठे झालो ते या पोरांमुळे, आणि पुन्हा झालो तर त्यांच्यामुळेच होऊ, यावर त्याचा विश्वास होता. गावाचाही होता. माझाही होता, म्हणून मी तो कितीतरी वेळा छापला.

फेब्रुवारीत रँडलने डेल्मारला खोलीत बोलावलं. रँडल अडतीस वर्षांचा, दक्षिणेतला, बोलायला गोड. नव्या नियमाने संघात एकशे पाचच खेळाडू ठेवता येतात, आणि त्याला साठच्या वर तयार खेळाडू दुसऱ्या विद्यापीठांतून आणायचे होते. चौतीस बिनबोलावलेल्यांना जावं लागणार होतं. कोण ते डेल्मारने ठरवावं आणि त्यानेच सांगावं. “तुमच्या तोंडून ऐकलं तर त्यांना बरं वाटेल,” असं रँडल म्हणाला. एप्रिलमध्ये संघाचा आपसातला वसंत ऋतूतला सामना असतो, त्याला निम्मं राज्य लोटतं. त्या दिवशी कोच हॉफस्टाड आपल्या शेजारी उभे राहतील का, हेही त्याने विचारलं. हॉफस्टाड शेजारी उभे राहिले, की गावात कोणी ब्र काढणार नाही हे त्याला दोन महिन्यांतच कळलं होतं.

डेल्मार तिथून सरळ माझ्या कचेरीत आला. तो चिडलेला नव्हता, उलट खुशीत होता. कोच नाही म्हणणार याची त्याला खात्री होती, आणि ते नाही म्हणाले की रँडलला यादी फाडावी लागणार होती. “रविवारी चल माझ्याबरोबर,” तो मला म्हणाला. “ते काय बोलतात ते तुझ्या कानांनी ऐक आणि जसंच्या तसं छाप.”

रविवारी चर्च सुटल्यावर आम्ही गेलो. हॉफस्टाड अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसलेले. त्यांच्या मुलीने, लॉरेटाने, आमच्यापुढे चिलीचे, राजमा-खिम्याच्या रश्श्याचे, वाडगे आणि दालचिनीचे रोल ठेवले. डेल्मारने खाल्लं नाही. तो म्हणाला की रँडल त्यांना भेटायला येईल.

“मंगळवारी येऊन गेला,” हॉफस्टाड म्हणाले. “मुलगा बरा आहे. बूट काढून आत आला.”

रँडलला काय हवं होतं ते कोचना कळलं का, असं डेल्मारने विचारलं. त्यांना कळलं होतं. चौतीस हा आकडाही माहीत होता.

“मी हो म्हटलं,” हॉफस्टाड म्हणाले.

“कोच, ती आपली मुलं आहेत.”

“आपली म्हणजे?” म्हाताऱ्याने रोलचा तुकडा चिलीत बुडवला. “डेल्मार, त्या काळात बाकीच्यांकडे नव्वद पोरं असायची आणि माझ्याकडे एकशे साठ. एकाच वेळी तीन मैदानांवर सराव चालायचा. पहिल्या फळीला धडका मारायला रोज ताजी अंगं मिळायची, म्हणून आपण चौथ्या सत्रात दमत नव्हतो. बाकी काही नव्हतं त्यात.”

“आणि भिंत?”

“भिंत मार्जची कल्पना.” मार्ज म्हणजे त्यांची वारलेली बायको. “दुसऱ्या वर्षी गुडघे जायचे आणि पोरं घरी पळायची. चार वर्षं धरून ठेवायला काहीतरी लागतं ना. ती म्हणाली, बापांना बोलवा, लोखंड आणायला सांगा. बाप एकदा लोखंड आणणार म्हटल्यावर पोरगं सोडून जात नाही.”

लॉरेटा भांडी घासत होती, तिने नळ बंद केला. डेल्मार म्हणाला, तुम्ही दर वर्षी भाषणात सांगायचात की या मुलांशिवाय आपण कोणी नाही. हॉफस्टाड म्हणाले, भाषणं द्यावी लागतात.

मग ते थोडे नरमले, किंवा थकले. “मला एकदा जिंकलेलं बघायचंय रे,” ते म्हणाले. “कोण खेळतंय हे मला आता दिसतही नाही. नुसते रंग दिसतात. आपला रंग पुढे सरकला की कळतं. तेवढं मला दे.”

निघताना त्यांनी माझा हात धरला आणि हे छापू नकोस म्हणाले. मी छापलं नाही. बातमीत मी एवढंच लिहिलं की कोच हॉफस्टाड यांचा नव्या कोचला पाठिंबा आहे. ते खरं होतं.

परतीच्या वाटेवर गुरांचे वाडे लागले. तिथे डेल्मारने गाडीची काच वर केली. मग म्हणाला, “त्या चार चेंडूंचंसुद्धा नाव काढलं नाही त्याने.” बावीस वर्षांत मी त्याला कोचबद्दल एकेरी बोलताना प्रथमच ऐकलं.

यादी त्याने चार दिवसांत केली. फोनवर कोणालाच सांगितलं नाही. प्रत्येकाला वेगवेगळं भेटला. काहींच्या घरी गेला, ज्या स्वयंपाकघरांत बसून त्यांना आणलं होतं त्याच स्वयंपाकघरांत. लोक ओरडले नाहीत. आमच्याकडे ओरडत नाहीत, कॉफी पुढे करतात. फक्त ग्लेन व्होंड्रा नावाच्या एका शेतकऱ्याने त्याला अंगणात थांबवून विचारलं, “मुलाचं एकच वर्ष राहिलं होतं. लोखंड घासून ठेवलंय मी. त्याचं काय करू?”

एप्रिलमध्ये हॉफस्टाडना छोट्या गाडीतून मैदानाच्या मधोमध नेलं. रँडलने त्यांना हात देऊन उभं केलं. पंचेचाळीस हजार लोक उठून उभे राहिले, आणि त्या चौतीसांतल्या कित्येकांचे आईबाप त्यांत होते. मे महिन्यात डेल्मारचा करार वाढवला नाही. जुलैमध्ये बोगद्यात डाव्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत एक झगमगता पडदा बसवला. फळ्या उपटायला वेळ नव्हता म्हणून त्या मागे तशाच राहिल्या. खेळाडू आता पडद्यावर हात मारतात, आणि जिथे हात लागेल तिथे ज्याचा त्याचा जर्सीवरचा आकडा उजळतो.

संघ जिंकला. हे लिहिलंच पाहिजे, कारण ते घडलं. पहिले पाच सामने ओळीने, एकूण नऊ. कॅन्टीनमधली मंडळी पोरांसारखी वागू लागली. डेल्मार तोवर त्याच गोदामात काट्यावर कामाला लागला होता, धान्याच्या ट्रकांचं वजन करायचा. सोमवारी सकाळी कोणीतरी त्याला ऐकवायचंच, “काय डेल्मार, तुझ्याशिवायही जमतंय की.” तो हसायचा. एका सोमवारी त्याने मला सांगितलं की शनिवारी तोही उठून ओरडला होता, आणि घरी गेल्यावर त्याला स्वतःची लाज वाटली. नोव्हेंबरात, आठव्या विजयानंतर अकरा दिवसांनी, हॉफस्टाड वारले. आपला रंग पुढे सरकताना त्यांनी पाहिला. हंगामाच्या शेवटच्या बातमीच्या मथळ्यात मी ‘गतवैभव’ लिहिलं, आणि या वेळी पूर्वीसारखं पुढे प्रश्नचिन्ह दिलं नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रँडल दक्षिणेतल्या एका मोठ्या विद्यापीठात गेला. त्याने खेळाडूंना निरोपाचा संदेश पाठवला तेव्हा तो विमानतळावर होता. चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू तिसऱ्या दिवशी त्याच्यामागे गेला. जानेवारी संपेपर्यंत अठ्ठावन्न जण गेले, काही त्याच्याकडे, काही इतरत्र. जसे आले होते तसेच ते पुढे निघाले, आणि त्यांना दोष देता येत नाही. काल्डर त्यांचं कोणीच नव्हतं.

आठवा कोच फेब्रुवारीत आला. सराव सुरू करायचा म्हटलं तर समोरासमोर दोन फळ्या उभ्या राहतील इतकी माणसं नव्हती. विद्यापीठाच्या क्रीडा संचालकाने डेल्मारला फोन केला. ती चौतीस मुलं बहुतेक अजून इथेच शिकत होती. डेल्मारने त्यांना परत बोलवावं, त्याच्या तोंडून ऐकलं तर त्यांना बरं वाटेल. तेच वाक्य होतं. कोणी कोणाकडून उचललं मला माहीत नाही.

मला वाटलं डेल्मार फोन आपटेल. त्याने यादी मागितली नाही, ती त्याच्याकडे होती. गुरुवारी सकाळी काट्याच्या खोलीत बसून तो एकेकाला फोन करू लागला, आणि मी शेजारी कॉफी घेऊन बसलो. आधी मला म्हणाला की या वेळी कोणालाच फसवायचं नाही, खरं ऐकलं की एकही येणार नाही, आणि तेच बरं होईल.

प्रत्येकाला त्याने तेच शब्द सांगितले. “शिष्यवृत्ती नाही. सामन्यात उतरवतील असं समजू नकोस. सरावात रोज धडका खायला माणसं कमी पडतायत, त्यासाठी बोलावतायत. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा काढून टाकतील. नाही म्हणालास तर मला आनंद होईल.”

पहिला हो म्हणाला. दुसरा डेल्मारचं बोलणं पुरं व्हायच्या आत हो म्हणाला. तिसऱ्याने कधीपासून यायचं ते विचारलं. डेल्मार प्रत्येक नावापुढे खूण करत गेला, आणि खुणा वाढल्या तसा त्याचा चेहरा उतरत गेला. पंधराव्या नावानंतर त्याने पेन्सिल ठेवली आणि म्हणाला, “सत्तावीस वर्षं हे मीच यांच्या डोक्यात भरलं. आता खरं सांगूनही ते निघत नाही.”

मग त्याने पुन्हा पेन्सिल उचलली. चौतीसांपैकी एकोणीस आले.

व्होंड्राच्या मुलाने फोन बापाकडे दिला. ग्लेनचा आवाज मलाही ऐकू येत होता. त्याने बाकी काहीच विचारलं नाही.

“भिंत आहे ना अजून?”

बाहेर काट्यावर मक्याचा ट्रक येऊन उभा राहिला होता. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. डेल्मारने खिडकीतून त्याला हात करून थांबवलं.

“आहे,” तो म्हणाला. “आहे तिथेच आहे.”

“मग लोखंड जपून ठेवतो,” ग्लेन म्हणाला.

डेल्मारने फोन ठेवला, ट्रकचं वजन वाचलं आणि वहीत लिहिलं. मी कचेरीत येऊन बातमी केली. एकोणीस हा आकडा बरोबर दिला, नावं तपासून दिली. शुक्रवारच्या अंकात ती पहिल्या पानावर आली. मथळ्यात ‘गतवैभव’ हा शब्द संपादकाने घातला होता. रात्री छापायला जाण्यापूर्वी पान माझ्या हातात आलं होतं. मी तो काढला नाही.