खडूचे स्वयंपाकघर

ऐन हिवाळ्यातील एका सोमवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, चार मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील मागील घरात, चार दिवसांपूर्वीपर्यंत जिथे एक भिंत उभी होती तिथे, जमिनीवर पांढऱ्या खडूने एक संपूर्ण स्वयंपाकघर आखण्यात आले. आखणाऱ्या बाई वीस वर्षे लोकांची स्वयंपाकघरे रचून देण्याचेच काम करीत होत्या. आखून घेणारे गृहस्थ घड्याळे दुरुस्त करून निवृत्त झालेले; सारी इमारत त्यांना घड्याळजी म्हणे. तिसरी व्यक्ती त्यांची मुलगी. आणि जिच्यासाठी हा सारा खटाटोप चालला होता, त्या घड्याळजींच्या पत्नीला जाऊन सात महिने झाले होते.

तिने या घरात एकतीस वर्षे भिंतीकडे तोंड करून स्वयंपाक केला होता. "ही भिंत काढा हो," ती म्हणे, "रांधताना माणसाचं तोंड तरी दिसेल." घड्याळजींनी आयुष्यात एकही वाद अर्ध्यावर सोडलेला नव्हता. ते तिला क्रमवार समजावीत: तळणाचा वास पडद्यांना धरतो, भांड्यांच्या खणखणाटात घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही, आणि भिंत पाडणे सोपे असते, तिने काय तोलून धरले होते ते छत खाली आल्यावरच कळते. तिसऱ्या मुद्द्यापर्यंत ती बहुधा कणीक मळू लागलेली असे.

ती गेल्यावर गवंड्याने त्या भिंतीवर बोटाने टकटक केले आणि तो हसला. "आजोबा, हिच्यावर काहीच तोललेलं नाही. नुसता आडोसा आहे." दुपारच्या आत भिंत आडवी झाली. तेव्हापासून घड्याळजींनी एक गोष्ट मनाशी घट्ट धरली होती. अपराध भिंतीचा, ती वेळेवर पडली असती तर बायको सुखात राहिली असती. हे दुःख लहान नव्हते, परंतु त्याला माप होते. भिंतीचा अपराध हातोड्याने फिटतो. आता तिने मागितले होते तसे स्वयंपाकघर बांधून झाले, की हिशेब नाही तरी निदान तिची इच्छा पुरी झाली असती. वरातीमागून घोडे का होईना, पण घोडे आले असते.

बाईंचा एक शिरस्ता होता. कागदावरच्या आराखड्यावर त्यांचा विश्वास नसे. "कागदावर सगळेच सुगरण," त्या म्हणत. आखणी जमिनीवर, खऱ्या मापाची. मग घरच्या माणसाने त्या रेघांमध्ये उभे राहून हवेतला चहा करून दाखवायचा. जिथे पाऊल अडखळेल तिथली रेघ पुसायची. सुतार दुपारी फळ्या कापायला येणार होता, म्हणजे पुसण्याजोगे जे काही असेल ते त्यापूर्वीच पुसायला हवे होते.

"हा फ्रिज, हे सिंक, ही शेगडी," बाई खडूने दाखवू लागल्या. "तिघांमध्ये दोन-दोन पावलं. पाणी प्यायला येणारा माणूस शेगडी ओलांडून जाणार नाही. शेगडीच्या उजवीकडे गरम पातेलं उतरवायला हातभर जागा. शेगडी मधल्या ओट्यावर, रांधणाऱ्याचं तोंड खोलीकडे, तुम्ही सांगितलंत तसं. पण काका, ओट्याची उंची साडेबत्तीस इंच? हे माप कुणी घेतलं?"

"मी. बरोबर आहे ते."

"कोपर वाकवा बघू." बाईंनी टेप लावली. "ओटा कोपराच्या चार बोटं खाली हवा. तुमचा होतो साडेसदतीस. साडेबत्तीसवर महिनाभरात कंबर धरून बसाल."

मुलगी दाराशी उभी होती. ती सावकाश पुढे आली. "बाबा, तुम्ही ओट्याला आईचं माप दिलंत?"

"मग कुणाचं देऊ?"

"जो रांधणार त्याचं! सात महिने उभ्या-उभ्या पाव आणि बिस्किटं खाताय. माझी अट लक्षात आहे ना? स्वतःच्या हातानं दोन वेळचं शिजवून खाल्लंत तर इथे राहा. नाहीतर बिऱ्हाड उचला आणि चला माझ्याकडे."

"तुझी आई असं कधी बोलली नसती."

"आई पुष्कळ बोलायची. तुम्हाला ऐकू यायचं नाही."

बाईंनी अनेक घरांतली भांडणे ओट्यांपाशीच ऐकली होती. "आधी चहा," त्या म्हणाल्या, "मग भांडण. रिकाम्या पोटी नको."

घड्याळजी खडूच्या स्वयंपाकघरात शिरले. सूक्ष्म चाके चिमट्याने उचलणारा तो हात हवेतले पातेले मात्र ओझ्यासारखे धरून होता. त्यांनी नसलेल्या नळाचे पाणी घेतले, नसलेल्या डब्यातून साखर काढली आणि डबा डावीकडे ठेवला.

"बाबा, साखर सिंकमध्ये बुडाली."

"तू गप्प बस. चहा मी करतोय."

ते शेगडीशी आले, पातेले ठेवले आणि त्यांनी मान वर केली.

चार दिवस त्यांनी ही जागा शंभरदा पाहिली होती, परंतु नेहमी पलीकडून, खोलीच्या बाजूने. आणि तिथून त्यांना ओट्यामागे पत्नीचा चेहरा दिसत असे. पत्नीच्या जागी उभे राहून समोर काय दिसते, हे त्यांनी आज प्रथमच पाहिले. समोर खिडकी होती. खिडकीखाली त्यांचे कामाचे टेबल होते आणि टेबलापुढे गोल स्टूल. उजेड खिडकीतून येतो, म्हणून टेबल खिडकीला लावलेले. एकतीस वर्षांत ते वीतभरही हललेले नव्हते. त्या स्टुलावर बसणाऱ्याची पाठ इकडे होत असे.

"अगं," ते मुलीला म्हणाले, "जरा तिथे बस. मी बसायचो तशी."

मुलीने कारण विचारले नाही. ती स्टुलावर बसली, खांदे पुढे पाडले, मान वाकवली आणि डोळ्याला भिंग लावल्यासारखा उजवा हात वर नेला. ती पाठ हुबेहूब त्यांची होती.

घड्याळजींनी तोंड उघडले. बाहेर आले ते वाक्य त्यांचे नव्हते.

"अहो, ऐकलंत का?"

मुलगी वळली नाही.

"हं," ती म्हणाली. "एवढं झालं की."

ती नक्कल करीत नव्हती. लहानपणी याच खोलीत अभ्यास करताना जे कानांवर पडत गेले, तेच तिच्या तोंडून आले होते. घड्याळजी थांबून राहिले. एवढे झाले की ती पाठ वळेल, अशी त्यांची खरोखरच अपेक्षा असावी. खिडकीबाहेर कुणीतरी गालिचा झटकत होते. तेवढ्या वेळात खरा चहा असता तर उतू गेला असता.

शेवटी बाईंनी घसा साफ केला. "काका, टेबल फिरवून घेऊ या. उजेडासाठी एक चांगला दिवा लावला की झालं."

"दिवा तेव्हाही होता, बाई."

ते गुडघ्यावर हात टेकून हळूहळू खाली बसले. ओट्याच्या रेघेजवळ बाईंनी साडेबत्तीस हा आकडा लिहिला होता. तो त्यांनी तळहाताने पुसला. एकदा पुसून ठसा राहिला म्हणून पुन्हा पुसला. मग बाईंच्या हातातला खडू मागून घेऊन त्यांनी तिथे आपल्या बारीक, नेटक्या अक्षरांत साडेसदतीस लिहिले.

मुलगी उठून जवळ आली. पाडलेल्या भिंतीची सिमेंटची ओबडधोबड पट्टी जमिनीवर अजून दिसत होती; तिच्या अलीकडेच ती थबकली.

"बाबा, मी चेष्टा नव्हते करत."

"माहीत आहे."

त्यांनी हातांचा खडू झटकला आणि त्या पट्टीकडे पाहिले.

"भिंतीचा दोष नव्हता," घड्याळजी म्हणाले.