बंदीचा शब्द

आमच्या घरात दर रविवारी डब्यातून एक चिठ्ठी निघते. चिठ्ठीवरच्या शब्दाला आठवडाभर बंदी. तो दुसऱ्या शब्दांत सांगितला तर एक गुण, चुकून तोंडातून गेला तर भांडी घासायची. खेळ नवऱ्याने काढलेला, लेकीचे शब्द वाढावेत म्हणून. तिला आम्ही टकळी म्हणतो. सात वर्षांची आहे, पण नियमाला बापापेक्षा कडक.

त्या आठवड्यात 'पडणे' निघालं आणि आमची बोलतीच बंद झाली. आजारी पडायचं नाही, प्रश्न पडायचा नाही, महाग पडायचं नाही. मी शिवणकारखान्यात कापड बेतते, तर नवऱ्याने 'का-पड' म्हणून मलाच दंड केला. असला आगाऊ माणूस! शनिवारपर्यंत फक्त टकळी टिकून होती.

शनिवारी दुपारी मी कापडाच्या वीस थरांवर खडूने खुणा करत होते, तेवढ्यात तिचा फोन आला.

"आई, बाबा शिडीवरून एकदम खाली आले."

माळ्यावरचं सामान काढायला तो चढणार होता, मला ठाऊक होतं. "वा! एक गुण."

"आई, ते आडवे झालेत."

"दोन!"

"जमीनदोस्त झालेत, आई."

मी खो खो हसले. शेजारच्या टेबलावरच्या बाईलाही सांगितलं, लेक बघा कशी तयार झालीय. "तीन गुण. आता बाबांना दे फोन."

"ते बोलत नाहीत."

तो असाच, तोंडावर हात धरून हसत बसणारा. "त्यांना म्हणावं, सोंग पुरे."

 पलीकडून अगदी बारीक आवाज आला. "आई, मी हरले. बाबा पडले."

माझ्या हातातला खडू मोडला. मी ओरडले, "शेजारच्या काकूंना बोलव! पळ!" आणि तशीच रस्त्यावर धावले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "बेशुद्ध होऊन किती वेळ झाला?" मी फोन काढून पाहिला. आमचं बोलणं चार मिनिटांचं होतं. त्या चार मिनिटांत मी गुण वाटत बसले होते. लाज वाटली, स्वतःचा संताप आला. डोक्यात रक्त साकळलं होतं, ते काढलं. चार दिवस माझ्या जिवात जीव नव्हता. पाचव्या दिवशी त्याने डोळे उघडले आणि विचारलं, "शिडी कुणी उचलली?"

ते सांगायला मी धावत घरी आले, तर टकळी स्टुलावर उभी राहून पातेलं घासत होती. कोपरापर्यंत फेस.

"नियम आहे ना," ती म्हणाली. "मी बोलले तो शब्द."

मी पातेलं काढून घेतलं. "बाबा बोलले, टकळे. आणि तू नाही हरलीस. मी हरले."

"पण तू कुठे म्हणालीस तो?"

"तू तीनदा सांगितलंस, मी ऐकलं नाही," मी म्हटलं, आणि उरलेली भांडी घासायला घेतली.