बिननावाचे ट्रे

पाइन फोर्ड गावात कुणी वारलं की दुपारच्या आत त्या घरी जेवण पोचतं. काचेच्या ट्रेमध्ये, झाकून. ट्रेच्या बुडाला पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर आपलं नाव, म्हणजे भांडं परत येतं. तशी नावाची गरजही नाही, गावातल्या बायकांना एकमेकींचे ट्रे तोंडपाठ! पुरुषांना आतलं जेवण तेवढं दिसतं.

त्या मंगळवारी ट्वायला सायझमोरनं बटाटे-चीज रचायच्या आधी ट्रे पालथा घातला आणि स्वतःचं नाव नखानं खरवडून काढलं. ही तीच ट्वायला, जिनं चर्चच्या साखरेच्या भांड्यात मीठ भरून पाद्रीबोवांना भर प्रार्थनेत खोकायला लावलं होतं. आज तीच आपलं नाव लपवत होती.

गेला होता हॉरेस गेन्स. शाळेच्या बसचा ड्रायव्हर, काळा माणूस. ट्वायलाचा कोल्बी त्याच्याच बसमधून शाळा शिकला. हल्ली रस्क हॅन्लीची 'गोऱ्यांची फळी' पहाटे अंगणाअंगणात पत्रकं फेकायची, 'काळे हटवा, गाव वाचवा'. पत्रक प्लास्टिकच्या पिशवीत, वजनाला मूठभर मका, म्हणजे नेम चुकत नाही. पोरांच्या नजरेला पडू नयेत म्हणून हॉरेस बस काढायच्या आधी ती वेचत फिरायचा. बर्फात वेचतानाच छातीत कळ आली. सापडला तेव्हा मुठीत पिशव्या होत्या.

गाव गप्प. का? तर फळीवाले म्हाताऱ्यांची लाकडं फोडून देतात, छपरं दुरुस्त करतात. "पोरं गुणी आहेत गं, जरा वेडंवाकडं बोलतात, इतकंच!" आता ती गुणी पोरं गेन्सच्या दारात थांबणाऱ्या गाड्यांचे फोटो काढून पेट्रोलपंपाच्या भिंतीवर लावत होती. फोटो काढणाऱ्यांत कोल्बीही होता.

"आई, तिकडे जायचं नाही हं. मला मान खाली घालायला लावू नकोस."

"तुझी मान मीच घासलीये लहानपणी. किती मळते ते मला विचार!"

बोलली खरं. पण ट्रे ठेवला तो हॉरेसची बायको ॲर्डेला दफनाच्या कामाला गेल्यावर, पायरीवर, चोरासारखा. तिथं आधीच बरेच ट्रे होते. एकालाही नाव नव्हतं.

रविवारी प्रार्थनेनंतर सगळे हॉलमध्ये कॉफी पीत होते, तेवढ्यात ॲर्डेला आली. घासूनपुसून लख्ख केलेले ट्रे तिनं लांब टेबलावर मांडले.

"जेवण चांगलं होतं," ती म्हणाली. "आपापलं भांडं घेऊन जा."

रस्कनं सावकाश फोन वर केला. शेजारी कोल्बी. बायका छताकडे बघू लागल्या, जणू तिथं काही लिहिलंय.

ट्वायला उठली, टेबलापाशी गेली.

"हा माझा. बटाटे करपले होते का गं?"

"खालून जरासे," ॲर्डेला म्हणाली.

"आई, ठेव तो खाली!" कोल्बी ओरडला.

"ह्याच ट्रेमधलं खाऊन वाढलास रे." मग ती रस्ककडे वळली. "काढ फोटो. डावीकडून काढ, उजवीकडून मी जाडी दिसते."

कोल्बीनं टोपी उचलली आणि आईकडे न बघता रस्कच्या मागोमाग बाहेर पडला. त्याची गाडी घराच्या उलट दिशेला वळली. तिनं ते खिडकीतून पाहिलं, आणि ट्रे पोटाशी इतका घट्ट धरला की कडा रुतली.

बाकीचे ट्रे तसेच. कुणाचा कुठला ते ट्वायलाला ठाऊक होतं, एकेकीचं नाव घेता आलं असतं. तोंड उघडलं, मग मिटलं. ज्याचं त्यानंच सांगायचं असतं हे.

"चल, गाडीत भरू," ती ॲर्डेलाला म्हणाली. "पुढच्या रविवारी परत मांडू."

"आणि तेव्हाही नाही नेले तर?"

"त्याच्या पुढच्या रविवारी. मी येते तुझ्याबरोबर."

पाद्रीबोवांच्या पत्नी मदतीला धावल्या. निळ्या झाकणाचा स्वतःचा ट्रे त्यांनी दोन्ही हातांनी जपून उचलला, ॲर्डेलाच्या गाडीत नीट ठेवला आणि म्हणाल्या, "किती छान आहे हा! कुणाचा असेल गं?"