बावन्न कुणाचा

टॉड केस्लरने डस्टर उचललं तसा वेन ट्रॅस्क खुर्ची मागे सारून उठला आणि फळ्यासमोर जाऊन उभा राहिला. सत्तरी ओलांडलेला माणूस, एक गुडघा बदललेला. पण एकदा आडवा उभा राहिला की त्याला हलवणं अजूनही कुणाच्या बापाला जमत नसे.

"बावन्न पुसायचा नाही," तो म्हणाला.

"मिस्टर ट्रॅस्क, चर्चा झाली ना आपली."

"तुमची झाली. माझी व्हायची आहे."

केस्लर हा हॅलस्टन कॉलेजचा क्रीडा संचालक, वेनच्या मुलाच्या वयाचा. त्याने डस्टर खाली ठेवलं आणि टेबलाच्या टोकाला बसलेल्या बक लुंडकडे पाहिलं. कॉलेजात काहीही ठरवायचं झालं की केस्लर आधी बककडे बघे. स्टेडियमचा नवा गुणफलक बकच्या पैशातून उभा राहिला होता, त्यामुळे त्यात नवल काही नव्हतं.

फळ्यावर दोनच नंबर होते, बावीस आणि बावन्न. ऑक्टोबरमध्ये माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरतो, त्या शनिवारी अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याच्या मध्यंतरात एखाद्या जुन्या खेळाडूचा नंबर कायमचा काढून ठेवायचा, अशी हॅलस्टनची रीत. मग तो नंबर पुन्हा कुठल्याही पोराच्या पाठीवर दिसत नाही, तो लागतो स्टेडियमच्या उत्तरेकडच्या भिंतीवर. खेळाडू हयात असेल तर त्याने स्वतः मैदानाच्या मधोमध येऊन जर्सी दोन्ही हातांनी उंच धरायची. या तिघांच्या समितीचं एकमत झालं तरच हे सगळं. भिंतीवर आजवर सहा नंबर लागले होते आणि त्यांतला चौदा वेनचा होता.

"माझी अडचण समजून घ्या," केस्लर म्हणाला. "अगदी पुढे, लाइनीत धडका घेणाऱ्यांना नियमाने पन्नास ते एकोणऐंशी एवढेच नंबर. आत्ताच एकेक नंबर दोन-दोन पोरांना वाटून दिलाय. बावन्न भिंतीवर गेला तर उद्या मी नवी पोरं काय उघड्या पाठीने उतरवू? म्हणून लाइनवाल्याचा नंबर आपण कधीच काढत नाही."

"आणि बावीस?"

"बावीसची गोष्ट वेगळी. पळणाऱ्यांना ढीगभर नंबर आहेत."

"शिवाय डॅरेल कूम्ब्सचे विक्रम आहेत," बक म्हणाला. "तुझ्या त्या गस पोलाचेकच्या नावावर काय आहे, वेन? एक गुण? एक यार्ड?"

"माझ्या नावावर जे आहे ते सगळं त्याचं आहे."

बकने हसून मान हलवली. वेनला हसू आलं नाही.

"सेंटरच्या नावावर काही नसतं, बक. चेंडू दोन पायांमधून मागे माझ्या हातात द्यायचा आणि त्याच क्षणी समोरून येणारा रेडा डोक्यावर घ्यायचा, हेच त्याचं काम. तीन वर्षं त्याने मला चिखल लागू दिला नाही. आज मी तुमच्यापुढे धडधाकट उभा आहे आणि त्याला स्वतःच्या मुलीचं नाव आठवत नाही. डॉक्टर स्पष्ट बोलत नाहीत, पण इतकी वर्षं डोकं आपटल्यावर आणखी काय व्हायचं?"

केस्लर पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिला.

"अर्लीनचा फोन आला होता," वेन जरा हळू बोलला. "त्याची बायको. म्हणाली, या मेळाव्याला तो स्वतःच्या पायांनी मैदानात येईल. चांगला दिवस असला तर काय चाललंय तेही कळेल. पुढच्या वर्षीचं तिने काही सांगितलं नाही. द्यायचं असेल तर या वर्षी द्या. नंतर दिलंत तर ते भिंतीला द्याल, त्याला नाही."

बकने खुर्ची मागे झुकवली. "बरं. मग देवाणघेवाण करू. तुला तुझा हवा, मला माझा. सहा वर्षं तू कूम्ब्सला अडवून धरलायस. आज सोड. मी बावन्नला हात वर करतो, टॉडही करेल."

वेनने खिडकीबाहेर पाहिलं. डॅरेल कूम्ब्स पळायचा वाऱ्यासारखा, ते कुणी नाकारत नव्हतं. पण शेवटच्या वर्षी पाय जपून व्यावसायिक संघात जायचं म्हणून तो उरलेले तीन सामने नुसता बाकावर बसून राहिला होता, धडधाकट. तिन्ही सामने संघ हरला. आपण जिवंत असेपर्यंत त्या माणसाचं नाव आपल्या भिंतीवर लागणार नाही, असं वेन चारचौघांत छातीठोकपणे सांगत आला होता. आता तेच गिळायचं होतं.

"कर वर," तो म्हणाला, आणि स्वतःचा हात दोनदा वर केला, एकदा बावीससाठी, एकदा बावन्नसाठी. बावीसच्या वेळी त्याने फळ्याकडे बघायचं टाळलं.

"ज्या पोराच्या अंगावर आत्ता बावन्न आहे त्याला मला सांगावं लागेल," केस्लर म्हणाला. "खट्टू होईल."

"उद्यापर्यंत थांबा," वेन म्हणाला. "आधी मी गसला सांगतो."

*

पोलाचेकांचं घर नदीच्या वरच्या अंगाला होतं, बंद पडलेल्या पोलाद कारखान्याच्या समोर. वेन पोचला तेव्हा अर्लीनने त्याला तोंड उघडू दिलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं, आणि तिने दारातच त्याला घट्ट मिठी मारली.

"झालं?"

"झालं."

"मी त्याचा कोट आधीच शिंप्याकडून लहान करून आणलाय, पोटात केवढा सैल झाला होता. तू नाही म्हणत आला असतास तर तो कोट तुझ्याच अंगात कोंबला असता." ती हसली आणि लगेच तिने ॲप्रनला डोळे पुसले. "जा. मागच्या खोलीत बसलाय. आज बरा आहे. सकाळी मला नावाने हाक मारली."

मागची खोली काचेची होती. बाहेर आभाळ राखाडी होऊन खाली उतरलं होतं. गस आरामखुर्चीत बसला होता, मांडीवर हात ठेवून. काय हात होते ते! प्रत्येक बोट कधी ना कधी मोडलेलं आणि ज्याला जसं वाटलं तसं जुळलेलं. त्याने मान वळवली आणि चेहरा उजळला.

"ट्रॅस्क! गाढवा, उशीर केलास."

वेनच्या जिवात जीव आला. ओळखलं, म्हणजे सगळं बरोबर होणार होतं. त्याने स्टूल ओढलं आणि गुडघ्याला गुडघा लागेल असा बसला.

"ऐक. बातमी आणलीय तुला. मोठी."

"अर्लीन कुठेय?"

"स्वयंपाकघरात. ऐक तर. तुझा नंबर काढून ठेवायचा ठरलाय. बावन्न. मेळाव्याच्या दिवशी, सगळ्या गावासमोर."

"माझा?"

"तुझाच. यापुढे तो कुणालाही मिळणार नाही."

गसने यावर विचार केला. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, पूर्वी प्रतिस्पर्धी रांग बदलायचे तेव्हा पडायच्या तशा.

"कुणालाच नाही?"

"कुणालाच."

"मला पण?"

वेन हसला. गस पूर्वीपासून असाच तोंड न हलवता थट्टा करायचा. मग वेनने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि हसू तिथेच थांबलं.

"मी काय केलं?" गसने विचारलं.

"अरे, काही नाही केलंस. मान आहे हा, गस. मोठा मान."

"त्या दिवशी चेंडू निसटला, तो माझ्याच हातून. मी कधी नाही म्हटलं? पाऊस होता. पण एका चेंडूवरून कुणी माणसाला काढतं का?" त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "माझा म्हातारा भट्टीवरची पाळी बदलून येतो रे, दर शनिवारी. त्याला काय सांगू? तो आपला तिथे बसेल आणि मला शोधत राहील."

"कुणी काढलं नाही तुला. हे बघ, माझा नंबर पण तिथेच आहे ना, भिंतीवर. चौदा."

गस त्याच्याकडे बघतच राहिला. वेनला आपली चूक कळली, पण शब्द सुटून गेले होते.

"तुला पण काढलं?"

"नाही..."

"तुला पण काढलं," गस म्हणाला, आणि त्या एवढ्या मोठ्या माणसाचा खालचा ओठ लहान मुलासारखा थरथरायला लागला. तो मैदानावर खांदा निखळल्यावर रडला नव्हता. बाप गेला तेव्हा, शवपेटीला खांदा देतानाही वेनने त्याच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. आता ते सरळ गालांवरून ओघळत होतं आणि पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

वेनने त्याचा हात धरला. सहा महिने तो या क्षणाची वाट बघत होता. आपण सांगू, गस आधी शिवी देईल, मग खूश होईल, असं त्याने गाडीत मनाशी दहा वेळा रंगवलं होतं.

"थांब," तो म्हणाला. "काहीतरी घोटाळा आहे. मी कोचना विचारून येतो."

"विचार. नीट विचार. सांग, पोलाचेक म्हणाला पुन्हा चूक होणार नाही."

*

अर्लीन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"संध्याकाळपर्यंत विसरेल," वेन म्हणाला. त्याचा स्वतःच्या बोलण्यावर विश्वास नव्हता.

"तो नाही विसरत. नावं विसरतो. दुखलेलं राहतं त्याच्यात. मग दिवसभर शोधत बसतो, काय दुखतंय म्हणून." ती टेबलाशी बसली. "आणि मेळाव्याच्या दिवशी? मैदानाच्या मधोमध नेऊन त्याच्या हातात जर्सी द्यायची, आणि ती परत काढून घ्यायची. सगळ्या गावासमोर."

रीत तशीच होती. त्याने स्वतः तसंच केलं होतं, आणि तो दिवस त्याच्या आयुष्यातला फार सुखाचा होता.

"तुला खरं सांगू?" अर्लीन म्हणाली. "तो दिवस मला हवा होता. त्याच्यासाठी म्हणत होते, पण मला हवा होता. चार वर्षं मी स्टेडियमच्या त्या बाकांवर बसले, वेन. कर्ण्यावरून तुझं नाव घ्यायचे, पळणाऱ्यांचं घ्यायचे, झेलणाऱ्यांचं घ्यायचे. माझ्या माणसाचं नाव फक्त त्याची चूक झाली तरच. एकदा, एकदा तरी चांगल्यासाठी ऐकायचं होतं."

"मग राहू दे ठरलंय तसं. आपण काहीतरी..."

"नाही." तिने भिंतीवरच्या फोनकडे हनुवटीने खूण केली. "कर फोन. त्याला रडवून मला काही ऐकायचं नाही."

केस्लरने फोन लगेच उचलला. वेनने त्याला काय ते सांगितलं.

"एवढे अडून बसलात, आणि आता नको?"

"नको. त्या पोराच्या अंगावर आहे तसा राहू द्या बावन्न."

"आणि बावीस? मिस्टर लुंड आता मागे हटणार नाहीत."

"बावीसला मी हात वर केलाय. तो खाली घेत नाही."

"म्हणजे या वर्षी भिंतीवर एकटा कूम्ब्स."

"हो," वेन म्हणाला. "एकटा कूम्ब्स."

फोन ठेवून तो वळला. अर्लीन उठली होती आणि खुर्चीच्या पाठीवर टाकलेला कोट पुन्हा हँगरवर चढवत होती. तिने बाह्या सरळ केल्या, कॉलर झटकली आणि तो आतल्या कपाटात नेऊन ठेवला. कपाटाचं दार तिने हळूच लावलं.

वेन काचेच्या खोलीत परतला. गस खुर्चीच्या कडेला येऊन बसला होता, पाठ ताठ, निकाल ऐकायला बसावं तसा.

"काय म्हणाले कोच?"

"घोटाळाच होता. बावन्न तुझाच आहे. शनिवारी तूच."

गसने मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. मग एकदम त्याच्या ध्यानात आलं.

"आणि तू?"

"मी पण."

"चौदा?"

"चौदा."

गस खुर्चीत मागे टेकला आणि वेनकडे नीट निरखून बघायला लागला. वेनने तोंड फिरवायचा प्रयत्न केला, पण डोळे भरून आले होते आणि ते लपण्यासारखे नव्हते.

"अरे, घाबरलास की काय?" गसने विचारलं.

"थोडा."

"हॅट्!" त्याने आपला वाकड्या बोटांचा हात पुढे केला आणि वेनच्या गुडघ्यावर ठेवला. "दर वेळी तुझं हेच. चेंडू हातात आला की तीन पावलं मागे जायचं आणि वर बघायचं. लांब बघायचं. खाली बघायचंच नाही."

"बरं."

"खाली मी बघतो," गस म्हणाला, आणि हात तिथेच ठेवून तो बाहेर अंगणाकडे बघत राहिला.